वळताना दुखतं का?

आमच्या घराण्यात बोट विकत घेण्याची बुद्धी याआधी कुणालाही झालेली नाही. आम्ही सांगलीचे. कृष्णेचा आणि आमचा संबंध म्हणजे पावसाळ्यात आयर्विन पुलावर छत्री घेऊन उभं राहायचं, पाणी किती फुटांवर आलं ते बघायचं आणि घरी येऊन त्यात आपले दोन फूट मिसळून सांगायचं. पाण्यात उतरायची वेळ आली ती पाणीच घरात आलं तेव्हा. अशा कुळातल्या माणसाने मिशिगनमध्ये जाऊन, नोकरी बरी चाललेली, घराचे हप्ते वेळेवर जाताहेत, मुलीचं कॉलेज अजून लांब आहे, असं सगळं सुखात असताना दुसऱ्याने अठरा वर्षं वापरून टाकायला काढलेली मोटरबोट का घ्यावी, हा प्रश्न तुमच्या मनात येणं साहजिक आहे. माझ्या बायकोच्याही मनात तो आला होता. तिने तो मनात ठेवला नाही.

कारण असं, की आम्ही राहतो डेट्रॉईटच्या ईशान्येला, आणि तिथून गाडीने थोडं पुढे गेलं की सेंट क्लेअर नावाचं तळं लागतं. तळं म्हणायचं आपलं. अकराशे चौरस किलोमीटर पसरलंय आणि पलीकडचा काठ कॅनडात आहे. ह्यूरन सरोवराचं पाणी एका नदीने यात येतं आणि डेट्रॉईट नदीने इरी सरोवराकडे निघून जातं. १६७९ साली ला साल हा फ्रेंच मुशाफिर आपलं ‘ल ग्रिफाँ’ जहाज घेऊन इथे शिरला, तो १२ ऑगस्टचा, संत क्लेअरच्या सणाचा दिवस होता, म्हणून हे नाव. मधे खोदलेल्या मार्गातून तीनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं जातात. आणि एवढा पसारा असून सरासरी खोली साडेतीन मीटरसुद्धा भरत नाही. आई उन्हाळ्यात आमच्याकडे येते, तेव्हा तिला मी मोठ्या ऐटीत काठावर नेऊन ही सगळी माहिती दिली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "आपली मागची विहीर याहून खोल होती की रे."

तर शनिवारी सकाळी इथला प्रत्येक शेजारी गाडीमागे बोट जोडून निघतो, आणि मी अंगणातलं गवत कापता कापता त्यांना हात करतो, असे काही उन्हाळे गेले. माणूस किती वर्षं नुसता हात करणार? मी एक अठरा फुटी बोट बघून आलो. विकणारा म्हणाला, "स्टर्नड्राइव्ह आहे." मी म्हणालो, "वा!" सौदा झाला.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय ते आता मला झोपेतही सांगता येतं, म्हणून सांगतो. इंजिन असतं बोटीच्या आत, मागच्या फळीला लागून. पंखा असतो बाहेर पाण्यात, एका लोंबत्या पायाच्या टोकाला. इंजिनाची ताकद फळीतल्या भोकातून बाहेर पडते, पायात शिरून काटकोनात खाली वळते आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. वेगळं सुकाणू नाहीच; अख्खा पायच डावी-उजवीकडे वळतो, आणि बटण दाबलं की वर-खालीही होतो. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात व्हॉल्व्हो पेंटाने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने हा प्रकार आणला. दोन वर्षांनी मर्क्युरीचा ‘मर्क्रूझर’ आला. यातली गंमत अशी की अ‍ॅक्वामॅटिकमागचं डोकं, जिम विन, आधी मर्क्युरीतच नोकरीला होता. माणूस राजीनामा देतो तेव्हा त्याला थांबवून दोन मिनिटं बोलावं, ते यासाठी.

आता तुमच्यासारख्या चाणाक्ष माणसाला शंका येईल, की इंजिन बोटीत घट्ट बसवलेलं, पाय मात्र सगळीकडे वळणारा, मग या दोघांच्या मधला फिरता दांडा वाकतो कसा? मला ही शंका आली नाही. बोट घेताना आली नाही, आणि पहिला अख्खा उन्हाळा चालवतानाही आली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आवाज आला. टक्, टक्, टक्. तळ्यात सरळ जाताना सगळं झकास असायचं, परत फिरण्यासाठी चाक वळवलं की कुणीतरी फळीमागून दार वाजवतंय. आमच्या बोटीत आवाज आला की पहिला संशय आईच्या डब्यावर जातो. सांगलीहून येताना ती भडंग आणते आणि ते स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून, डबा मागच्या कप्प्यात ठेवल्याशिवाय बोटीत पाय ठेवत नाही. मी डबा काठावर ठेवून एक चक्कर मारली. टक्, टक्, टक्. आता आवाजही होता आणि भूकही. मग नांगराची साखळी बांधून टाकली, लाइफ जॅकेटांची बकलं कापडात गुंडाळली, खुर्च्यांचे बोल्ट आवळले, शिडी काढून घरी नेली. पंख्याच्या एका पात्याला पोचा दिसला तेव्हा तर मला चोर सापडल्याचा आनंद झाला, आणि मी बरेच डॉलर मोजून नवा पंखा बसवला. नवा पंखाही टकटक करू लागला. शेवटी मी इंजिनाचे स्पार्क प्लग बदलले. त्यांचा या आवाजाशी काही संबंध नव्हता. पण ते मला बदलता येतात.

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे आणि गुडघे फिरवते, त्यामुळे घरी आल्यावर कुणी कुरकुरलं तर तिला ते ऐकायचं नसतं. पण त्या दिवशी ती बोटीत मागच्या बाजूला पाय पसरून बसली होती आणि आवाज तिच्या पाठीतच घुसत होता.

"सरळ जाताना येतो?" तिने विचारलं.

"नाही."

"डावीकडे वळताना?"

"येतो."

"उजवीकडे?"

"जरा जास्त."

"पाय वर उचल."

मी बटण दाबून ड्राइव्ह थोडा वर घेतला. दार वाजवणाऱ्याने आता लाथ मारायला सुरुवात केली.

"सांधा गेलाय," ती म्हणाली. "ज्या हालचालीत दुखतं तिथे बघायचं असतं. तू जिथे हात पोचतोय तिथे बघतोयस."

"अगं, बोटीला कुठला सांधा?" मी हसलो. मी मोटारींच्या धंद्यात आहे. बायको खांद्यांच्या. हसण्याचा अधिकार मला होता.

रात्री दुरुस्तीचं पुस्तक उघडलं, तर त्यात पानभर सांधाच होता. बोटीचा पाय जिथे फळीला लागतो, बरोब्बर तिथे, दांड्याच्या मधोमध दोन युनिव्हर्सल जॉइंट. भारतातल्या गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात, तोच. चित्र बघितल्यावर मला घाम फुटला, कारण हा माणूस माझ्या ओळखीचा होता. मी कामावर गेली कित्येक वर्षं काय करतो ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मोटारीच्या स्टीअरिंगचं चाक आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये कॉलमवर जे प्लास्टिकचं आवरण असतं, ते मी करतो. त्याच्या चकाकीवर, फटींवर आणि स्क्रूच्या जागांवर मी बैठकांमध्ये तावातावाने बोललो आहे. त्या कॉलमचा दांडा खाली गिअरकडे वळतो तिथे काय असतं? युनिव्हर्सल जॉइंट. माझं उभं आयुष्य त्याला झाकण्यात गेलं.

मग वाचत बसलो. वाचन हा माझा कुठलंही काम टाळण्याचा सर्वात प्रतिष्ठित मार्ग आहे. या सांध्याला युरोपात कार्डान म्हणतात, ते जेरोलामो कार्डानो या सोळाव्या शतकातल्या इटालियन माणसावरून. पेशाने वैद्य, गणितात मोठा आणि जुगारात त्याहून मोठा. इंग्रज त्याला हूकचा जॉइंट म्हणतात, कारण रॉबर्ट हूकने १६७६ साली सूर्य बघायच्या दुर्बिणींवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. मोटारीत तो आणला क्लॅरेन्स स्पायसरने, पेटंट १९०३ सालचं. त्याच्या कंपनीची पुढे डाना झाली, आणि ती आमच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर टोलेडोजवळ आहे. स्पायसर म्हटलं की मला पुण्याचं स्पायसर कॉलेज आठवतं. ते स्पायसर वेगळे. पण ते वेगळे आहेत याची खात्री करण्यात माझी अर्धी रात्र गेली.

रचना तशी साधी आहे. दांड्याच्या दोन तुकड्यांच्या टोकांना दोन काटे, एकमेकांना आडवे, आणि मधे लोखंडी फुली. फुलीच्या चार टोकांवर चार वाट्या, प्रत्येक वाटीच्या आत कडेने उभ्या लावलेल्या बारीक सुया, नीडल बेअरिंग. त्यांच्यावर फुली डोलते. आता एकाच सांध्याची खोड अशी, की कोनात फिरताना पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा धावतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन तीस अंशांचा असेल आणि इकडून मिनिटाला १००० फेरे येत असतील, तर तिकडचा वेग ८६६ ते ११५५ यांच्या मधे हेलकावे खातो. म्हणून पाठोपाठ दोन सांधे घालतात. पहिला जी गडबड करतो ती दुसरा निस्तरतो. हे वाचून बायको माझ्याकडे बघत राहिली.

या सगळ्यावर पाणी लागू नये म्हणून पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा एक रबरी नळा असतो. बाहेर तळं, आत सांधे. त्याच्या घडीला चीर पडली की पाणी आत जातं, वंगण धुऊन निघतं, सुयांना गंज चढतो, सुया झिजतात, फुली वाट्यांत खुळखुळू लागते, आणि मग वळताना दार वाजतं. अजून दुर्लक्ष केलं तर शेजारचं बेअरिंग जातं आणि पुढे पाणी बोटीत शिरू शकतं. हे टाळायला दर वर्षी ड्राइव्ह काढून, सांध्यांना ग्रीस देऊन, रबर तपासायचं असतं, असं पुस्तकात ठळक अक्षरात दिलंय. पुस्तक बोटीबरोबरच मिळालं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. मी ती पिशवी फार जपून ठेवली होती.

काठावरच्या एका वर्कशॉपने जो खर्च सांगितला तो बोटीच्या किमतीच्या इतक्या जवळ होता, की मी घरीच करायचं ठरवलं. आईला हे फार आवडलं. "तुझे आजोबा सायकलचं सगळं घरीच करायचे," ती म्हणाली. आजोबांची सायकल पुढे कशी गेली हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्या वेळी कुणी बोललं नाही.

बोट ट्रेलरवर घरासमोर आणून लावली. आधी पायातलं गिअर ऑइल काढायचं. ते धरायला काहीतरी पसरट हवं म्हणून मी स्वयंपाकघरातून परात आणली. जुनी, चेपलेली, कुणी वापरत नाही अशी माझी समजूत होती. गिअर ऑइलमध्ये गंधक असतं आणि जुन्या गिअर ऑइलचा वास एकदा नाकात गेला की आठवडाभर जेवणात येतो. आई खिडकीतून म्हणाली, "अरे, ती परात रुखवतातली आहे." मी म्हटलं, "घासून देतो." ती म्हणाली, "नको. आता ती तूच वापर."

पाय सहा नटांवर लटकलेला असतो. नट काढायचे, वर-खाली करणारे दोन सिलिंडर मागून सोडवायचे आणि पाय सरळ मागे ओढायचा. वजन साधारण माझ्या धाकट्या मेव्हण्याएवढं. तो खाली ठेवायला खास स्टँड मिळतो, पण आमच्या घरी २०२० साली घरून काम करायला घेतलेली चाकांची खुर्ची रिकामीच होती. उंची कमी-जास्त होते, हात ठेवायला जागा, चाकं पाच; स्टँडला आणखी काय हवं? खुर्ची खाली लावली आणि ओढू लागलो. पाय हलेना. पाय फळीला टेकवून ओढला, दोरी लावून ओढला, पहार घालून रेटला. पलीकडचे आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. आयुष्यभर साचे आणि डाय बनवण्यात गेलेला हा माणूस, फार बोलत नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "गिअर पुढच्यात टाकलाय ना?" आमच्या प्रकारच्या ड्राइव्हमध्ये गिअर पुढचा टाकूनच पाय काढायचा असतो, नाहीतर आतली कडी अडकून राहते. मी गिअर टाकला आणि पुन्हा तितक्याच जोराने ओढला.

पाय सुटला. सुटून बरोब्बर खुर्चीत बसला. आणि खुर्ची निघाली. आमच्या घरासमोरचा उतार तसा डोळ्यांना जाणवत नाही, पण खुर्चीला जाणवला. पाठ टेकून, पंखा पुढे करून, एका हातावर रेलून तो पाय माझ्यासमोरून ऐटीत रस्त्याकडे गेला, पत्रपेटीपाशी एक गिरकी घेऊन थांबला, तेव्हा पलीकडून एक गृहस्थ कुत्रा फिरवत येत होते. त्यांनी खुर्चीकडे बघून मला हात केला. मीही केला. इतक्या वर्षांची सवय.

रबरी नळा काढला तर आतून तपकिरी पाणी सांडलं. सांधे हातात घेऊन फिरवले. थोडा फिरे, मग खटकन अडके, मग पुन्हा सुटे. वाट्यांच्या कडेने लाल भुकटी जमली होती. बायकोने येऊन दोन्ही काटे दोन हातांत धरले, डोळे मिटून हळूहळू सगळ्या दिशांनी वाकवले आणि म्हणाली, "फ्रोझन शोल्डर. तीन महिने उशिरा आलात." हे ती सगळ्यांनाच म्हणते.

नवे सांधे आणायला मी मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो, आणि तिथे पाच वर्षांत पहिल्यांदा आपल्या धंद्याचा रुबाब दाखवून, "मला माहितीये, तुम्ही फक्त द्या," असं म्हणून दोन सांधे घेऊन आलो. ते दिसायला हुबेहूब होते. फरक एवढाच की त्यांच्या वाट्या जागेवर धरणाऱ्या क्लिपा काट्याच्या बाहेरून बसायच्या, आणि माझ्या काट्याला खाचा होत्या आतून बसणाऱ्या क्लिपांच्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता बोटीच्या भागांचं दुकान कुठे आहे ते कागदावर काढून दिलं.

जुन्या क्लिपा गंजल्या होत्या. तीन निघाल्या. चौथी निघाली ती दिसलीच नाही, फक्त ‘टिंग’ असं ऐकू आलं. पाचवीही तशीच. आईची तुळस दारातच होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालताना तिला त्या दोन्ही मंजिऱ्यांत अडकलेल्या सापडल्या. तिने त्या काढून, पुसून, देवापाशी ठेवल्या. का, ते मी विचारलं नाही.

वाटी काढायची रीत अशी: शेगड्यात काटा धरायचा (वाइसला आमच्याकडे सांगलीत शेगडाच म्हणतात), एका बाजूला वाटीपेक्षा लहान सॉकेट लावायचा, तो ढकलतो, आणि दुसऱ्या बाजूला वाटीपेक्षा मोठा, म्हणजे समोरची वाटी त्यात निघून येते. मी दोन्ही बाजूंना लहानच सॉकेट लावले. मग शेगडा आवळला. आवळला, दांड्याला पाइप लावून आवळला, पाइपवर लोंबकळून आवळला, आणि शेवटी काहीतरी कडकडून तुटलं तेव्हा मी विजयाने ओरडलो. तुटलं होतं टेबल. सुट्या फळ्यांचं, आपणच जोडायचं, तसलं. त्यालाच मी शेगडा बोल्टने आवळला होता. आता शेगडा, काटा, सॉकेट आणि मी, सगळे जमिनीवर होतो. वाटी मात्र जागच्या जागी. आजोबा कुंपणाशी होतेच. "मोठा सॉकेट," ते म्हणाले. मला एकच विचारायचं होतं, की ही माहिती ते नेहमी नंतर का देतात. पण त्यांच्याकडे मोठा सॉकेट होता, आणि पक्कं टेबलही होतं, म्हणून विचारलं नाही.

नवी वाटी बसवणं ही मात्र जपून करायची गोष्ट. आतल्या सुया फक्त ग्रीसच्या चिकटपणावर उभ्या असतात. फुलीचं टोक आत शिरताना जरा तिरकं झालं, की एखादी सुई सुटून तळाशी आडवी पडते. मग वाटी पूर्ण आत जात नाही, केसभर बाहेर राहते, आणि क्लिप बसायची खाच काही केल्या उघडी होत नाही. हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी मागच्या पानावर होतो. हातोडीने ठोकलं. थोडी आत गेली असं वाटलं, म्हणून अजून ठोकलं. वाटी उघडली तर एका सुईच्या दोन सुया झालेल्या आणि वाटीचा तळ फुगलेला. बोटीच्या दुकानात पुन्हा गेलो. या वेळी मी मुकाट्याने दोन जास्तीचे सांधे घेतले, आणि दुकानदारानेही मुकाट्याने दिले.

दरम्यान त्या शेजारच्या बेअरिंगचं काम होतं, ज्यातून हा दांडा इंजिनाकडे जातो. तेही गुरगुरत होतं. नवं बेअरिंग घट्ट भोकात बसवायचं, तर आदल्या रात्री ते फ्रीझरमध्ये ठेवायचं, थंडीने किंचित आकसतं आणि सरकन जातं, असं कळलं. मी ते फॉइलमध्ये नीट गुंडाळून ओल्या खोबऱ्याच्या पिशव्यांशेजारी ठेवलं. त्याच कप्प्यात आईने सुनेच्या डब्यासाठी करून ठेवलेले पराठे होते. तेही फॉइलमध्ये नीट गुंडाळलेले. दुपारी क्लिनिकमधून फोन आला. मायक्रोवेव्हमध्ये घालण्याआधी तिने पाकीट उघडलं, हे माझं नशीब. तोवर पराठे मी फळीतल्या भोकापाशी नेले होते. ते बसले नसते हे मलाही दिसलं होतं, पण मी ते हातात घेऊन बराच वेळ विचार करत उभा होतो, असं आजोबा सगळ्यांना सांगतात.

बेअरिंग बसलं. आजोबांच्या ओळखीच्या कुणाकडून लांब लोखंडी दांडा आला, अलाइनमेंट बार. तो बेअरिंगमधून घालून इंजिनाच्या जोडणीत विनासायास गेला पाहिजे, नाहीतर इंजिनाची पुढची बैठक वर-खाली करावी लागते. तो पहिल्याच खेपेला गेला. मी इतका घाबरलो की तीनदा काढून पुन्हा घालून बघितला. या सगळ्या प्रकरणात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा जमणं संशयास्पद होतं.

पाय परत चढवताना खुर्ची वापरायची नाही, असं घरात बहुमताने ठरलं. आजोबांनी इंजिन उचलायची घोडी आणली. आता दांडा बेअरिंगमधून गेला पाहिजे, त्याच्या टोकाच्या खाचा इंजिनाच्या खाचांत बसल्या पाहिजेत, गिअरची कडी नेमकी सरळ हवी, पाण्याची नळी भोकात जायला हवी, गॅस्केट सरकता कामा नये, आणि हे सगळं एकाच वेळी, न दिसणाऱ्या जागेत. खाचा जुळायला मागून पंखा हाताने किंचित फिरवावा लागतो. ते काम माझ्याकडे आलं. त्याच वेळी मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीसाठी दोन कुटुंबं आली, आणि सगळे भोवती गोल करून उभे राहिले. "थोडं," आजोबा म्हणाले. मी थोडं फिरवलं. "थोडं." मी फिरवलं. "परत." मी परत फिरवलं. "अहो, इंजिनिअर ना तुम्ही?" वर्गणीवाल्या काकूंनी आदराने विचारलं. पाय खटकन आत गेला. आजोबांनी नट आवळले, आणि मी वर्गणी जरा जास्तच दिली.

पहिल्या फेरीला आई, बायको, मुलगी आणि भडंगाचा डबा, असा सगळा संच घेऊन निघालो. धक्क्यापासून दूर गेल्यावर चाक डावीकडे पूर्ण वळवलं. आवाज नाही. उजवीकडे वळवलं. नाही. पुन्हा डावीकडे, वेग वाढवून. नाही! मला झालेला आनंद असा होता की सरळ जायचं सुचेचना. मी डावी गोल, उजवी गोल, आठाचा आकडा, पुन्हा डावी गोल, असं करत राहिलो. मुलीला मळमळू लागलं. आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली.

"आता सरळ चालव," बायको म्हणाली. "सरळ जाताना तशीही कधी वाजत नव्हती."

एवढ्यात निळे दिवे लावून कौंटी शेरीफच्या खात्याची गस्ती बोट आली. भरदुपारी एक बोट एकाच जागी गोल गोल फिरतेय, तेव्हा त्यांनी यायलाच हवं होतं. अधिकारी तरुण होता, नम्र होता. सगळं ठीक आहे ना, त्याने विचारलं. मी त्याला दोन काटे, मधली फुली, सुया, रबरी नळा, कार्डानो, हूक आणि टोलेडो असं सगळं सविस्तर सांगितलं. त्याने श्वास तपासायचं यंत्र माझ्या तोंडासमोर धरलं.

यंत्राने मला निर्दोष सोडलं. मग त्याने लाइफ जॅकेटं मोजली, आग विझवायचा सिलिंडर बघितला, कागद बघितले, आणि आईने पुढे केलेलं मूठभर भडंग, नाही नाही म्हणत, खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं तरी चांगलं आहे म्हणाला. निघताना दोर सोडता सोडता त्याने मान तिरकी केली.

"तुमच्या इंजिनातून चीं चीं असं काहीतरी येतंय. ऐकलंत?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"स्पार्क प्लग असतील," मी म्हणालो.